पाच नंबरवर कोण होतं

आमच्या क्लासमध्ये नवीन आलेल्या पोट्ट्यांना मी एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात शिकवते. आपल्या मशीनला तिचा पत्ता कसा विचारायचा. अभ्यासक्रमात तो धडा फार मागे आहे, पण मी तो पुढे ओढला आहे. विंडोज असेल तर काळी खिडकी उघडायची, आयपीकॉन्फिग असं मध्ये जागा न सोडता लिहायचं, एंटर मारायचं, आणि खाली जो ओळींचा ढीग पडतो त्यातून आयपीव्ही फोर म्हणणारी ओळ शोधायची. लिनक्स असेल तर नुसतं आयपी, मग एक जागा, मग ए. मॅक असेल तर सेटिंगमध्ये जायचं, त्यात वायफाय, त्यात डिटेल्स. प्रश्न एकच, पण प्रत्येकाला त्याच्या बोलीत विचारावा लागतो. उत्तरही सारखंच येतं. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, आणि शेवटी एखादा छोटा आकडा. पहिले तीन आकडे घरातल्या सगळ्यांचे एकच असतात, शेवटचा ज्याचा त्याचा.

हा पत्ता घरातल्या घरात चालतो. दाराबाहेर त्याला कोणी ओळखत नाही. आणि घरातही तो कायमचा नसतो. राऊटर म्हणजे पंगतीत जागा दाखवणारा माणूस, असं मी सांगते. जो आधी आला त्याला आधीची जागा. पंगत उठली आणि पुन्हा बसली की कोण कुठे बसेल याचा नेम नाही. आमची पोरं लग्नामागून लग्नं जेवलेली असतात, त्यांना हे लगेच कळतं. हे उदाहरण माझं नाही, माझ्या नवऱ्याचं आहे.

लाखनीला हायवेला लागून आमचं घर. पुढच्या खोलीत क्लास, मागे आम्ही. जड ट्रक गेला की खिडकीच्या काचा थरथरतात आणि शिकवणं मध्येच थांबवावं लागतं. मला थांबवावं लागतं. हे कधी थांबले नाहीत. ट्रक आला की त्यांचा आवाज ट्रकच्या वर चढायचा, आणि ट्रक गेल्यावरही थोडा वेळ तसाच वर राहायचा. मी अड्याळची. भंडाऱ्याला कॉम्प्युटर शिकायला जायचे, तिथे पहिल्यांदा तो आवाज ऐकला आणि हा माणूस एवढा कायले ओरडते असं मैत्रिणीला विचारलं होतं. पुढे त्याच माणसाबरोबर लग्न केलं आणि त्याच आवाजाच्या भरवशावर क्लास उघडला.

तो आवाज खर्ऱ्यानं खाल्ला. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घोटून पानठेल्यावर मिळतो तो खर्रा. आमच्याकडे चहाला नाही म्हणणारा माणूस सापडेल, खर्ऱ्याला नाही म्हणणारा सापडणं कठीण. मी भांडले, अबोला धरला, खिशातल्या पन्न्या काढून चुलीत घातल्या. ते हसायचे आणि उद्यापासून बंद म्हणायचे. मला अजून त्यांचा एवढा राग येतो, की कधी कधी भांडी घासता घासता मी मोठ्यानं बोलते त्यांना. मग माय विचारते, कोणाशी बोलून राहिली वो. माय म्हणजे त्यांची आई, माझी सासू. मूळ एकोडीची. शेतीत आयुष्य गेलं, अक्षरओळख नाही, आणि ऐकायला मात्र सुई पडली तरी येतं.

नागपूरच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढलं. जीव राहील, आवाज जाईल, असं त्यांनी आधी सांगितलं होतं आणि आम्ही दोघांनी मान हलवली होती. त्या खोलीत बसून माणूस दुसरं काय करतो. घरी आले तेव्हा गळ्याला समोर एक भोक होतं, त्यावर पातळ कापड, आणि बोलायला काही नव्हतं. पुढे आजार पुन्हा उलटला तेव्हा डॉक्टरांनी फार काही सांगितलं नाही. घरी ठेवा, खातील ते द्या, एवढंच. म्हणजे काय ते तिघांनाही समजलं, आणि तिघांनीही ते एकमेकांपुढे काढलं नाही.

मागच्या खोलीतून त्यांनी मला हाक कशी मारायची, हा पहिला प्रश्न. मायनं एकोडीहून बैलाच्या गळ्यातली घंटी आणून पलंगाला बांधली. यांनी पाटीवर लिहिलं, मी बैल हाय का, आणि घंटी एकदाही हलवली नाही. फोन होता. पण फोन हातात घेतला की नातेवाइकांचे उपाय यायचे. कोणी गोमूत्र, कोणी कुठल्या जंगलातलं मूळ, कोणी अमक्या बाबाचा अंगारा. ज्या लोकांना खर्रा सोड म्हणायला कधी तोंड उघडता आलं नाही, ते आता सकाळ-संध्याकाळ औषधं शिकवत होते. यांनी फोन बंद करून कपाटात टाकला आणि लॅपटॉप मागितला.

तो लॅपटॉप मॅकचा होता. आमच्याकडे शिकून पुण्याला नोकरीला लागलेल्या एका विद्यार्थ्यानं नवीन घेतला तेव्हा जुना सरांना आणून दिला होता. त्यावर पलंगावर बसल्या बसल्या त्यांनी एक छोटा प्रोग्राम लिहिला. वर एका चौकटीत समोरच्या मशीनचा पत्ता टाकायचा, खाली निरोप. निरोप गेला की पाठवणाऱ्याच्या स्क्रीनवरून तो पुसला जायचा आणि तिथे एकच शब्द यायचा, पोहोचलं. ज्याला मिळाला त्याच्याकडे मात्र तो तसाच राहायचा. असं काहून, म्हणून मी विचारलं. त्यांनी लिहिलं, बोललेलं परत तोंडात येते का? ज्यानं ऐकलं त्याच्यापाशी राह्यते. प्रोग्राम त्यांनी क्लासमधल्या सगळ्या मशीनवर टाकून दिला, म्हणजे मी कुठेही बसले तरी अडायला नको.

पहिला निरोप आला तेव्हा मी पोरांना एक्सेल शिकवत होते. स्क्रीनच्या कोपऱ्यात चौकट उघडली. लिहिलं होतं, अवो, चहा. एवढ्या वर्षांच्या संसारात हा माणूस मशीनमधून पहिल्यांदा बोलला, आणि बोलला काय तर चहा. मी पोरांसमोर हसले आणि मग मला फळ्याकडे तोंड करून उभं राहावं लागलं.

त्या चौकटीतून ते दिवसभर बोलायचे. मी इथे ‘ते म्हणाले’ असंच लिहिते, ‘त्यांनी लिहिलं’ असं लिहायला हात वळत नाही, कारण मला ते ऐकूच यायचं. मी शिकवताना चुकले की चौकट उघडायची, सूत्र पुन्हा पाह्य. एखादं पोट्टं दंगा करत असेल तर, कोण हाय तो, मले दाखव. भिंतीपलीकडून त्यांना सगळं ऐकू यायचं. आणि रोज दुपारी मायबद्दल तक्रार. त्यांना गिळता येईल अशी तांदळाची पातळ पेज माय स्वतः करायची, सुनेच्या हातची चालायची नाही. पेज पोटात गेली की चौकट उघडणार. मायले सांग, अळणी हाय. दुसऱ्या दिवशी, मायले सांग, मीठ जास्त झालं. मी मागे जाऊन वाचून दाखवायची, कारण मायला वाचता येत नाही, आणि माय कमरेवर हात ठेवून म्हणायची, लहानपणापासून असाच हाय हा, याच्या जिभेले देवाचं जेवन बी पुरलं नसतं. मग त्या दोघांचं भांडण मी मध्ये उभी राहून चालवायची. एक बोलायची, एक टाईप करायचा. घरात तेवढ्या वेळापुरती मजा असायची.

आता विजेचं सांगायला हवं. आमच्या भागात गडगडलं की लोक आधी घरातल्या वायरी उपटतात. टीव्ही, फ्रीज, पंखा, जे हाताला लागेल ते. धानाच्या बांधीत उभी असलेली माणसं दर वर्षी वीज पडून जातात, तिला भिण्यात वेडेपणा काही नाही. एकदा आमच्या घराजवळ वीज पडून टीव्ही जळाला होता. तेव्हापासून मायनं घराची जबाबदारी स्वतःकडे घेतली. आभाळ नुसतं गुरगुरलं तरी ती उठायची आणि पहिली राऊटरची पिन ओढायची. तो मधल्या पाळीत, म्हणजे घराच्या मधल्या पट्ट्यात, फळीवर होता, तिच्या हाताच्या उंचीवर, आणि त्याचे हिरवे दिवे चमकतात म्हणून तिला वाटायचं की वीज पहिली यालाच पाहून येईल. गडगडणं थांबलं की पिन पुन्हा लावून द्यायची. मी कधी काही म्हटलं नाही. त्यांनीही नाही. पोराचं घर वाचवून राहिली ती, असं ते म्हणायचे.

पण पिन निघाली की पंगत उठायची. पुन्हा लावली की सगळे नवीन जागेवर. लाईट गेली की क्लासच्या मशीन बंद पडायच्या, आली की त्याही नवीन जागेवर. मग त्यांचे निरोप भलतीकडे जायचे किंवा कुठेच जायचे नाहीत. म्हणून लाईट आली की मी आधी माझ्या मशीनला पत्ता विचारायची, मग मागे जाऊन त्यांच्या मॅकमध्ये बघायची, माझा आकडा त्यांच्या चौकटीत घालायची, त्यांचा लक्षात ठेवून परत पुढे यायची आणि उत्तर देता यावं म्हणून माझ्या चौकटीत टाकायची. तेवढ्यात उशी सरळ करायची, गळ्यावरचं कापड बदलायचं, कपाळाला हात लावायचा. पावसाळ्यात हे दिवसातून कितीदा तरी व्हायचं.

एक दिवस मी त्यांना म्हटलं, आपण पत्ते पक्के करून टाकू. प्रत्येक मशीनला कायमचा आकडा देऊ, मग पंगत उठू दे नाही तर बसू दे. ते काम अर्ध्या तासाचंही नव्हतं, आणि ते मला त्यांनीच शिकवलेलं होतं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं. मी काहून विचारलं तर त्यांनी लॅपटॉप जवळ ओढला. मग म्हणाले.

"नको. मंग तू कायले येशीन?"

मी पत्ते पक्के केले नाहीत.

दसरा होऊन गेला होता. हलका धान कापून बांध्यांमध्ये आडवा पडला होता आणि लोक आभाळाकडे बघून शिव्या देत होते, कारण जाता जाता पाऊस तोंड दाखवत होता. त्या सकाळी लाईट गेली होती. आल्यावर मी नेहमीसारखी फेरी केली. माझ्या मशीनला पाच आकडा मिळाला होता. तो मी त्यांच्या चौकटीत टाकला. त्यांनी माझा हात धरून ठेवला थोडा वेळ. मी म्हटलं, सोडा आता, पोरं आली. सोडला.

दुपारी पोरांची परीक्षेची तयारी होती. टायपिंगचा सराव, इंटरनेटचं काम नव्हतं. बाहेर थोडं गडगडलं, पण लाईट गेली नाही, पाऊसही आला नाही, म्हणून मी फेरीला उठले नाही. मी शिकवत होते. अधूनमधून माझ्या स्क्रीनच्या कोपऱ्याकडे बघत होते. चौकट उघडत नव्हती. रात्ररात्र त्यांना झोप नसायची, त्यामुळे मला वाटलं, आज लागला डोळा. मला बरं वाटलं. पोरांना मी हळू आवाजात बोलायला लावलं.

क्लास सुटल्यावर चहा घेऊन मागे गेले तेव्हा ते उशीला टेकून बसले होते आणि मान एका बाजूला होती. माय शेजारी जमिनीवर तांदूळ निवडत होती. तिलाही वाटलं होतं झोपला. मी कप ठेवला आणि खांद्याला हात लावला, आणि मला कळलं. लॅपटॉप मांडीवर होता. माझा हात लागून स्क्रीन उजळला. त्यावर एकच शब्द होता, पोहोचलं.

मग माणसं आली. अड्याळहून माझे लोक, एकोडीहून मायचे, शिकून गेलेली पोरं. घर भरलं. कोणीतरी क्लासच्या मशीन बंद करून त्यांवर चादरी टाकल्या, लॅपटॉप उचलून कपाटावर ठेवला. मी रडले, जेवले, लोक सांगतील तिथे बसले. पण डोक्यात एकच गोष्ट होती. त्यांनी काहीतरी पाठवलं होतं. ते कुठेतरी पोहोचलं होतं. माझ्याकडे आलं नव्हतं. माणसानं जाताना काही बोलावं आणि ते ऐकायला कोणी नसावं, हे मला सोसवत नव्हतं.

मायचं दुःख वेगळं नव्हतं. येणारी प्रत्येक बाई गेली की ती मला विचारायची, त्यानं काई म्हणलं का वो शेवटी? तिच्याकरता त्याचं बोलणं म्हणजे मी वाचून दाखवलेलं बोलणं. मी नाही म्हणायची. ती मान हलवायची आणि थोड्या वेळानं पुन्हा विचारायची.

तेरवी झाली. पाहुणे पांगले. घरात दोन बाया राहिल्या. दुपारी माय माझ्याजवळ येऊन बसली आणि जमिनीकडे बघत म्हणाली की तिच्या मनात एक गोष्ट आहे. त्या दिवशी इजा चमकून राहिल्या होत्या. लाईट होती, पण भ्या वाटलं, म्हणून तिनं त्या हिरव्या दिव्यांच्या डब्याची पिन काढली होती. थोड्या वेळानं लावली. तो तिकडे मशीन घेऊन बसला होता.

"त्याच्यानं त्याले काई झालं तं नाई ना वो?"

मी म्हटलं, नाही माय, त्यानं काय होते, त्याचा न् याचा काही संबंध नाही. खरंच होतं ते. तिच्या पिनेनं त्यांचा जीव गेला नव्हता. तिनं सुस्कारा सोडला. मी मात्र उठले, कारण मला कळलं होतं की निरोप कुठे शोधायचा.

पंगत उठली होती. माझ्या नकळत उठली होती आणि पुन्हा बसली होती. ते पाच नंबरला बोलत राहिले, आणि पाच नंबरवर मी नव्हते. पण पोहोचलं म्हणणारं कोणीतरी तिथे होतं.

कपाटावरून लॅपटॉप काढला, चार्जिंगला लावला. उघडला तेव्हा वरच्या चौकटीत पाचच आकडा होता, मी सकाळी टाकलेला. मग क्लासमध्ये गेले आणि चादरी काढल्या. एकेक विंडोज मशीन सुरू केली. काळी खिडकी, आयपीकॉन्फिग, एंटर. माझ्या मशीनला आता सात मिळाला होता. बाजूच्या मशीनला आठ. तिच्या पलीकडची तीन म्हणाली. हे आकडे आजचे होते, त्या दिवशीचे नव्हते, हे मला ठाऊक होतं. म्हणून प्रत्येकीत आलेले निरोपही उघडून बघितले. काही नव्हतं. माझ्या मशीनमध्ये जुने सगळे होते, पहिल्या चहापासून. त्या सकाळचा शेवटचा, उशी घे म्हणणारा. त्याच्याखाली रिकामं.

तेव्हा मला कोपऱ्यातल्या मशीनची आठवण झाली. ती एवढी जुनी की विंडोज तिला झेपत नाही, म्हणून त्यांनी तिच्यावर लिनक्स टाकून पोरांच्या सरावाच्या फाईली ठेवायला बसवली होती. तिच्यासमोर कोणी बसत नाही. तिचा मॉनिटर कायम बंद. पण ती स्वतः कायम सुरू असते, राऊटरबरोबर इन्व्हर्टरच्या बोर्डावर, आणि एवढ्या गर्दीत कोणाला कळलंही नव्हतं की ती चालू आहे. कोणी बंद केली नव्हती. आभाळ उघडलं होतं, त्यामुळे मायनंही पुन्हा पिन काढली नव्हती.

मी मॉनिटरचं बटन दाबलं. पडदा उजळायला वेळ लागला. निरोपाची चौकट उघडी असल्याचं मला दिसलं, पण मी आधी तिच्याकडे बघितलं नाही. आधी पत्ता विचारला. आयपी, जागा, ए. बोटं चुकली, पुन्हा लिहिलं. खाली ओळी पडल्या. एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, पाच.

मग वाचलं.

"पोट्टे चुप बसले आज. तुयाच आवाज येऊन राहिला."

"खिडकीतून उन्ह आलं पलंगावर. ये म्हणलं असतं, पन क्लास हाय."

"मायले सांग, पेजेत मीठ एकदम बरोबर होतं आज."

"आज दुखून नाई राहिलं. खरंच."

थोडी जागा सोडून शेवटचा.

"तू बोलून नाई राहिली. असू दे. पोचलं म्हणते, तेवढं पुरे."

मी पोरांच्या त्या छोट्या स्टुलावर बसून होते. ते बोलत होते तेव्हा मी भिंतीच्या अलीकडे, त्यांना ऐकू येईल एवढ्या अंतरावर होते. पोरांना हळू बोला म्हणत होते, त्यांची झोप मोडू नये म्हणून. आणि ते माझ्या उत्तराची वाट बघत होते. बघता बघता त्यांनी स्वतःची समजूत काढली, माझ्यावर रागावले नाहीत, आणि गेले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. घंटी वाजवली असती, एकदा तरी, तर मी धावत गेले असते.

माय दाराशी येऊन उभी राहिली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मग पडद्याकडे, आणि तिला न सांगता कळलं.

"त्याचं हाय का?"

मी हो म्हटलं. ती आत येऊन माझ्या खांद्याला धरून उभी राहिली आणि अक्षरांकडे बघत राहिली, ओळखू येत असल्यासारखी. वाच म्हणाली. मी तिच्या वाटणीची ओळ वाचली. मायले सांग, पेजेत मीठ एकदम बरोबर होतं आज.

मला वाटलं, आयुष्यात पहिल्यांदा लेकानं तिची चव मान्य केली, तिला बरं वाटलं असेल. तिच्या हाताची पकड घट्ट झाली.

"मीठ तं मी टाकलंच नोतं वो त्या दिवशी. इसरली होती. वाटी रिकामी झाल्यावर ध्यानात आलं."

ती पदर तोंडाला लावून रडायला लागली. मी तिला धरलं. माझी नजर मात्र पडद्यावर होती. मिठाच्या खालची ओळ मी पुन्हा वाचली, आणि तिच्या खालची. जो माणूस रोज अळणी न् खारट म्हणून घर डोक्यावर घ्यायचा, त्यानं त्या दिवशी मीठ नसलेली पेज बरोबर म्हणून संपवली. मग दुखत नाही म्हणाले, तेही तसंच म्हणाले का? आणि तेवढं पुरे म्हणाले, ते?

मायनं डोळे पुसले आणि पुन्हा पडद्याकडे बोट केलं. अजून हाय ना वो खाली, म्हणाली, वाच ना, अजून काय म्हणलं त्यानं. मी वाचलं, आज दुखून नाई राहिलं, खरंच. तिनं दोन्ही हात जोडले आणि बरं झालं बाप्पा म्हणाली. तिनं ते खरं मानलं. मी तिला मानू दिलं.

पिनेचं मी तिला कधी सांगितलं नाही. आजही गडगडलं की ती उठते, पाळीत जाते आणि फळीवर हात घालते. मी क्लासमधून तो आवाज ऐकते आणि पोरांना सांगते, थांबा, आता सगळ्यांचे पत्ते बदलणार.

शेवटची ओळ मी तिला वाचून दाखवली नाही. ती मला होती, आणि तिच्यात मीठ होतं की नव्हतं, हे मला आता कोणी सांगणार नाही.